पळपुटी माती

"मॅडम, मातीची धूप कुठे मिळते हो?"

मी भेंडी चिरत होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, आणि पलीकडे माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई. बिचारी अगदी रडकुंडीला आली होती. "किती दुकानं फिरले! चंदनाची आहे, गुलाबाची आहे, मोगऱ्याची आहे. मातीची म्हणे कधी आलीच नाही. मोगरा चालेल का?"

मला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि मी सुरी खाली ठेवली.

त्याचं असं झालं. मी तिसरीला शिकवते. आमची शाळा साधी, मराठी माध्यमाची, नालासोपारा पश्चिमेला गास गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि त्या दिवशी मी वर्गात मोठ्या उत्साहानं जाहीर केलं होतं, "उद्या आपण मातीची धूप करून बघणार आहोत. घरून जे सामान आणता येईल ते आणा." मातीची धूप म्हणजे पाण्याबरोबर, वाऱ्याबरोबर वरची माती वाहून जाणं. हे मला इतकं पाठ, की मुलांना ते सांगायला हवं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं शिकवतेय आणि ऐन वेळी माती खाल्ली ती मीच!

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर आरतीला आल्यासारखं वाटलं. बाकांवर धूपकांड्या, कापराच्या वड्या, लोबान. एकानं काडेपेटी आणली होती, ती मी आधी जप्त केली. वर्गात एक ख्रिस्ती मुलगा आहे, गोलमटोल, बोलण्यात कुणाला हार न जाणारा, आजोळ अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं. त्यानं कागदाच्या पुडीतून राळेचे खडे आणले होते. "बाई, हा चर्चमधला धूप आहे. माझा मोठा भाऊ मिस्साच्या प्रार्थनेला धुपाटणं हलवतो ना, त्यानं मागून आणला. फादर बोलले, मातीचा कधी ऐकला नाही, पण बाईंना विचार, हा चालतो का."

म्हणजे प्रकरण फादरपर्यंत गेलं होतं. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसते. दोन वेण्या, डोळे टपोरे, बोलते कमी. तिची आई स्टेशनबाहेर फुलं विकते आणि घरी ही मंडळी हिंदी बोलतात. तिनं बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मूठभर माती ठेवली होती. मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "बाई, मातीला काल दुपारभर धूप दाखवली. गॅलरीत ठेवली होती. पण ढग होते, जास्त लागली नाही."

मग मात्र मी खुर्चीत बसले आणि जी हसत सुटले ती थांबेचना. मुलांना वाटलं बाईंना काहीतरी झालं. हिंदीतलं ऊन, देवघरातला धूर आणि माझ्या पुस्तकातली धूप, तिघांनी मिळून माझी चांगली फजिती केली होती. आणि गंमत अशी, की अख्ख्या वर्गात माती घेऊन आलेली ती एकटीच होती.

मी फळ्यावरचा तो शब्द पुसून टाकला. म्हटलं, "हे बघा, धूप-बीप राहू दे. माती पळून जाते. पाणी आलं की त्याचा हात धरून पळते. ती कशी पळते ते आपल्याला बघायचंय."

"कोणाला न सांगता पळते?" अर्नाळ्याच्या नातवानं विचारलं.

"कोणाला न सांगता."

"मग पकडायला पाहिजे ना बाई!"

झालं. मातीचं नाव पळपुटी पडलं आणि माझा वर्ग पोलीस झाला. तो गोलमटोल आपणहून साहेब झाला, त्याला कुणी केलं नव्हतं. पुस्तकातला शब्द परीक्षेसाठी नंतर पाठ करून घेतला, पण आजही माझी ती मुलं मातीची धूप म्हणत नाहीत. माती पळाली म्हणतात.

आता मला या धड्याचा एवढा पुळका का, ते सांगते. ते नुसतं शिकवण्यापुरतं नव्हतं.

आमच्या शाळेच्या मागे मातीचा एक तुकडा आहे. मागच्या भिंतीपासून वर्गांच्या व्हरांड्यापर्यंत उतरत येणारा, फार मोठा नाही, दोन-चार शेवग्याची झाडं आणि बाकी उघडी जमीन. पुढचं पटांगण कधीच काँक्रीटचं झालं. मुलांसाठी एवढी एकच माती उरलेली. आणि दर पावसाळ्यात ती माती उतारावरून घसरत व्हरांड्यात यायची. मुलं घसरायची, बूट भरायचे, आया भांडायला यायच्या. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. इस्त्रीची घडी न मोडलेली साडी, खांद्याला पिन, आणि चिखलाचा ठिपका दिसला की कपाळावर आठी. त्यांनी ठरवलं, त्या सगळ्या तुकड्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे. वालीवच्या एका कारखानदाराशी त्यांचं बोलणंही झालं होतं.

मला कळलं तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले. माझा आवाज तसाही मोठा आहे. रागावले की तो पलीकडच्या इमारतीतल्या लोकांनाही ऐकू जातो, असं माझा नवरा म्हणतो.

"मोठ्या बाई, शाळेत एवढीच माती उरलीय!"

"एवढाच चिखल उरलाय म्हणा," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांचा शांतपणा मला भयंकर चीड आणतो.

मी म्हटलं, मुलांनी मातीत हात कुठे घालायचा? त्या म्हणाल्या, घरी घालतील. मी म्हटलं, घरी कुठे? बिल्डिंगीच्या खाली ब्लॉक, रस्त्यावर ब्लॉक, बागेत गेलं तर तिथे गवतावर पाय ठेवू नका म्हणून पाटी! त्या म्हणाल्या, बाई, हळू बोला.

खरं सांगते, माझा त्या तुकड्यावर जीव होता. मी वाडीत वाढलेली. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती इथेच, वसईत. पाटाला पाणी सोडलं की आम्ही पोरं त्यात पाय घालून बसायचो आणि घरी येऊन मार खायचो. आता त्या वाडीत अर्ध्याहून जास्त बिल्डिंगी आहेत. ते जाऊ दे, काळ कुणाला थांबवता आलाय. पण मागच्या वर्षी याच तुकड्यावर एका पोरीनं मला विचारलं होतं, "बाई, मातीला हात लावला तर चालेल?" मातीला हात लावायला परवानगी! त्यामुळे ब्लॉक म्हटल्यावर मी पेटले.

शेवटी मी म्हटलं, "माती थांबवून दाखवली तर?"

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ब्लॉकवाला तसाही म्हणाला होता की भर पावसात काम करणार नाही, गणपतीनंतर बघू. म्हणून असेल, त्या म्हणाल्या, "ठीक आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या सकाळी मी स्वतः मागचा व्हरांडा बघेन. चिखल नसला तर तुमची माती तुम्हाला. असला तर ब्लॉक. मग आवाज करायचा नाही."

मी हो म्हणून बसले. बाहेर आल्यावर आधी पुस्तक उघडलं, कारण माती कशी थांबवायची हे मला तरी कुठे नक्की माहीत होतं! पुस्तकात एक चित्र होतं, तेवढंच.

मुलांना मी सगळं खरं सांगितलं. आपला तुकडा जाणार आहे, वाचवायचा असेल तर माती व्हरांड्यात येता कामा नये. त्यांनी ते भलतंच मनावर घेतलं.

आधी वर्गात तालीम केली. पाण्याचे मोठे रिकामे कॅन आडवे कापून घेतले. एकात नुसती माती, एकात मातीवर वाळका पालापाचोळा, आणि एकात गवतासकट उचललेली माती. तिन्ही कॅन विटेवर टेकवून तिरके ठेवले, तोंडाशी काचेच्या बरण्या. मग झारीनं पाणी. गासची एक पोर आहे, घरी भातशेती, ती रोज पहिली धावायची, "बाई, पानी मी ओतनार! पानी मी!" तिच्या हातून झारी काढून घेणं हे एक वेगळंच काम होतं.

उघड्या मातीच्या बरणीत आलं ते पाणी टपरीवरच्या चहासारखं. पाचोळ्याच्या बरणीत कोरा चहा. आणि गवताच्या बरणीत जवळजवळ नुसतं पाणी. कॅनच्या मागे पांढरा कागद लावला होता, त्यावर मातीचे शिंतोडे उडाले ते बघून पोरं किंचाळली, "बाई, थेंब पडला की माती उडी मारते!" वर्गाची जी दशा झाली ती मी इथे सांगत नाही. आमच्या शिपाईमावशींनी मात्र मला तोंडावर सांगितलं, "बाई, माती थांबवायची तर आधी तुमच्या वर्गात थांबवा."

मग तुकड्यावर काम सुरू झालं. ज्याला जे सुचेल ते त्यानं आणलं. नारळाची सोडणं आली, विटांचे तुकडे आले, गोणपाट आलं. साहेबांनी आजोळहून मासे पकडायचं जुनं जाळं आणलं आणि उतारावर खुंट्या मारून ताणून बांधलं. मी म्हटलं, "अरे बाळा, जाळ्यात माती कशी अडकेल? भोकं बघ केवढी आहेत." तो म्हणाला, "बाई, मासा पण आधी असंच बोलतो."

आणि खरंच सांगते, ते जाळं कामाला आलं. माती नाही अडकली, पण वाहत येणारा पाला अडकला, पाल्याला काटक्या अडकल्या, आणि त्या सगळ्याला टेकून माती बसायला लागली. साहेब आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हते.

पण खरी गोष्ट केली ती फुलवालीच्या मुलीनं. एके दिवशी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून दूर्वा आणल्या. पूजेला वाहतात तसे कोवळे शेंडे नव्हे, जमिनीवर सरपटत जाणाऱ्या लांब काड्या, पेराला पेराला मुळं फुटलेल्या. म्हणाली, "बाई, ही लावली की आपोआप पसरते. आई बोलते, हिला मारायला गेलं तरी मरत नाही."

आम्ही लावायला बसलो. मुलांनी प्रार्थनेला उभं राहतात तशा वरून खाली सरळ ओळी केल्या. मलाही ते छान, शिस्तीत वाटलं. दोन दिवसांनी सर आली आणि पाणी त्या ओळींच्या मधून असं खाली आलं, जणू आम्ही त्याच्यासाठी रस्ताच करून ठेवला होता. व्हरांड्यात चिखलाचा गालिचा. मोठ्या बाई तिथून गेल्या त्या साडी दोन बोटांनी वर उचलून. मला इतका संताप आला! स्वतःचाच, पण निघाला शेवग्याच्या झाडावर. मग सगळं उपटून आडव्या ओळी केल्या, उताराला आडव्या, मध्ये विटांचे छोटे बांध. पाणी आलं की पहिल्या ओळीला धडकायचं, दम खायचं, मग पुढच्या ओळीकडे. पोरं व्हरांड्यात उभी राहून ओरडायची, "थांबलं! थांबलं!" जुलै संपेपर्यंत दूर्वांनी हातपाय पसरले आणि श्रावणात तर सगळा उतार हिरवा दिसायला लागला. व्हरांड्यात पाणी यायचं, पण माती नाही. मी रोज सकाळी आल्या आल्या आधी ती फरशी बघायची, मग हजेरी घ्यायची.

गणपती आले. आणि माझ्या लक्षात न आलेली गोष्ट सगळ्या आयांच्या लक्षात आली. शाळेच्या मागे दूर्वाच दूर्वा!

सुट्टी लागायच्या दिवशी दुपारी मुलांना न्यायला आलेल्या आया पिशव्या घेऊनच आल्या. "बाई, बाप्पासाठी थोड्या घेऊ का?" नाही कशी म्हणणार? पण वर्ग आडवा आला. फुलवालीच्या मुलीनं सगळ्यांना खुडायचं कसं ते दाखवलं, नखानं फक्त शेंडा, मुळाला हात नाही. आणि साहेब कमरेवर हात ठेवून फिरत होते, "काकी, खुडा, उपटू नका! उपटली की माती पळेल! ओ काकी, तुम्हालाच बोलतोय!" गणपतीच्या दूर्वांवर हा ख्रिस्ती पोरगा पहारा देतोय बघून आया पदर तोंडाला लावून हसत होत्या. सगळ्यांनी शेंडेच नेले. मी स्वतः उभी होते. मुलं घरी गेली, मीही गेले.

सुट्टीत पाऊस धो धो पडला. घरी आरती करताना माझं अर्धं लक्ष पत्र्यावर वाजणाऱ्या सरींकडे.

शाळा उघडली त्या दिवशी मी घंटेच्या बरीच आधी पोचले. मागे गेले आणि आधी फरशी बघितली. व्हरांड्यात चिखल. सगळीकडे नाही, मधल्या दोन वर्गांसमोर, पण चांगला जाड, पाय रुतेल असा. वर बघितलं तर उताराच्या मधोमध दूर्वांना टक्कल पडलेलं. मुळासकट ओढून काढल्याच्या खुणा, आणि तिथून सरळ खाली मातीचा ओघळ. बाकी सगळा उतार जसाच्या तसा हिरवा.

माझं डोकं फिरलं. मी तिथेच उभी राहून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "ज्या कोणी शाळेच्या दूर्वा मुळासकट उपटल्या, त्यांनी बाप्पासमोर कुठल्या तोंडानं हात जोडले? मुलांच्या तीन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत. लाज वाटायला हवी." लगेच धडाधड उत्तरं. "छी छी." "कोण आहे हे?" "मॅडम, आम्ही नाही." एका बाबांनी न वाचताच "आपणांसही हार्दिक शुभेच्छा" टाकलं.

घंटा व्हायच्या आधीच माझा सगळा वर्ग मागे जमला. गासची पोर डोळे पुसत होती. साहेब टकलाच्या कडेनं फिरले, ओघळ बघितला, आणि मग वळून म्हणाले, "बाई, जास्त दूर्वा कोणाला लागतात? विकायला लागतात."

सगळ्यांची तोंडं एकदम फुलवालीच्या मुलीकडे वळली. "हिची आई विकते ना!" कुणीतरी म्हणालं. "हिला माहीत होतं कुठे आहेत." ती पोर भिंतीला टेकून उभी, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. "मी नाही," एवढंच म्हणाली, आणि मग हिंदीत, भरभर, काहीतरी, ते रडण्यात मिसळून गेलं. मी ओरडले, "गप्प बसा सगळे!" पण माझ्या ओरडण्यानं ती आणखीच रडायला लागली.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. ठरल्याप्रमाणे, व्हरांडा बघायला. नेहमीसारखी कडक साडी, हातात मोबाईल. चिखलासमोर थांबल्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता त्यांनी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. चिखल समोर होता, शब्द मी दिलेला होता.

त्यांनी रडणाऱ्या मुलीकडे बघितलं, मग पोरांकडे. "काय चाललंय?"

"मोठ्या बाई, हिनं दूर्वा उपटल्या!"

"हिनं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी उपटल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पोरांची तर तोंडं उघडीच राहिली.

"आमच्या सोसायटीच्या गणपतीला दूर्वांचा हार घालतात," त्या म्हणाल्या. आवाज तसाच शांत, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. "यंदा माझी पाळी होती. तुम्ही सगळे गेल्यावर मी मागे आले. आधी खुडतच होते. मग कंबर धरली. एक ओढली, ती मुळासकट आली. पटापट व्हायला लागलं, म्हणून ओढतच गेले. घरी जाऊन मुळं कापून टाकली." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आत्ता ग्रुपवर बाईंचा मेसेज वाचला. बरोबर लिहिलंय त्यांनी."

अरे देवा! तो मेसेज! धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते.

मुख्याध्यापिकेला कसं रागवायचं हे पोलिसांना शिकवलेलं नव्हतं. साहेब बुटाच्या टोकाकडे बघत होते. मग ते हळूच फुलवालीच्या मुलीजवळ गेले आणि खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. रुमाल भयंकर मळका होता, पण तिनं घेतला.

मोठ्या बाई तिच्यासमोर वाकल्या. "माझ्यामुळे तुला बोलणं खावं लागलं. चुकलं माझं." आणि मग अगदी विद्यार्थिनीसारखं विचारलं, "आता काय करायचं?"

तिनं नाक पुसलं. उताराकडे बघितलं. आणि तीन महिने ज्या मुलीच्या तोंडून शब्द काढायला मला आर्जवं करावी लागत होती, ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "तुम्ही उपटली, तुम्ही लावा."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हिला ओरडा बसणार, पाठोपाठ मला.

डोळे उघडले तर मोठ्या बाई चपला काढत होत्या. मोबाईल आणि पर्स त्यांनी माझ्या हातात दिली, साडीच्या निऱ्या गोळा करून कमरेला खोचल्या, खांद्याची पिन काढून तोंडात धरली आणि उतारावर चढल्या. फुलवालीच्या मुलीनं चांगल्या भागातून लांब काड्या निवडून आणल्या, साहेबांनी आडवी रेघ आखून दिली, गासच्या पोरीनं झारी भरली. मोठ्या बाई उकिडव्या बसून एकेक पेर मातीत दाबत होत्या. पोरं त्यांच्या चुका काढत होती, "अजून आत. असं नाही, आडवं. दाबा ना जोरात!" आणि त्या "बरं, बरं" म्हणत होत्या. घंटा कधीच होऊन गेली होती. वर्गात चला म्हणून ओरडायचं काम माझं, पण मी त्यांची पर्स छातीशी धरून तिथेच बघत राहिले.

तेवढ्यात माझ्या हातातला त्यांचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर वालीवच्या ब्लॉकवाल्याचं नाव. मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, तोंडात पिन. त्यांनी नाव वाचलं, पिन काढून साडीला अडकवली, आणि पुढची काडी उचलली.

"तुम्हीच बोला," त्या म्हणाल्या. "सांगा, मागे जागा नाही."